खुलासा : झाडांचे चर म्हणजे डासांचे अड्डे नव्हेत

‘रस्त्याकडेचे झाडं लावलेले उथळ चर डास पैदा करतात, बुजवून टाका’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे चर म्हणजे रस्त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी संथ करून, त्यातली घाण अडवून ते जमिनीत मुरवणाऱ्या हिरव्या पन्हाळी. मेसेजमध्ये तथ्य थोडं, घबराट जास्त.

डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उबदार हवेतही साधारण ७ ते १० दिवस साचलेलं पाणी लागतं. नीट बांधलेला चर पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत कोरडा होतो. चार दिवसांनीही डबकं दिसत असेल तर चर बिघडलाय: उतार चुकलाय, माती घट्ट बसलीये किंवा तोंडाशी गाळ साचलाय. मग फावडं घ्या आणि गाळ काढा, बुजवायचं कशाला?

मेसेजला उत्तर देणारेही वाहवत गेलेत. ‘झाडं सगळी घाण पिऊन टाकतात’ म्हणे! झाडांचा वाटा आहे, पण बरंचसं काम संथ झालेलं पाणी आणि माती करते. सर ओसरल्यावर वाकून बघा: गवताच्या बुडाशी राखाडी गाळ धरलेला दिसेल. जस्त, तांबं यांसारखे धातू बरेचसे त्या गाळाला चिकटून येतात, तिथेच अडकतात. गाड्यांचं सांडलेलं तेल मातीतले जिवाणू हळूहळू फोडतात. विरघळलेलं नायट्रेट मात्र बरंचसं निसटतं, आणि शेणखत-कंपोस्ट जास्त घातलं तर चरातूनच फॉस्फरस बाहेर पडतो.

आणि सांडपाण्याचा पाइप त्यात सोडू नका. हे चर पावसाच्या पाण्यासाठी आहेत.