खुलासा: राणीला गणिताचं पुस्तक पाठवल्याचा किस्सा खोटा आहे

‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणारा इंग्रज लेखक लुईस कॅरोल याचा एक किस्सा पुन्हा फिरतोय. ‘ॲलिस’ वाचून व्हिक्टोरिया राणी खूश झाली, ‘तुमचं पुढचं पुस्तक मला पाठवा’ म्हणाली आणि त्याने निश्चयकांवरचा (‘डिटर्मिनंट्स’ या बीजगणितातल्या संकल्पनेवरचा) गणिताचा ग्रंथ धाडला, असा तो किस्सा. असं काही घडलेलं नाही. १८९६ साली आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत खुद्द कॅरोलनेच ही गोष्ट साफ खोटी असल्याचं छापलं होतं.

किस्सा खरा वाटतो, कारण क्रम जुळतो. ‘ॲलिस’ १८६५चं, गणिताचा ग्रंथ १८६७चा. पण त्या ग्रंथावर नाव आहे चार्ल्स डॉजसन, म्हणजे कॅरोलचं खरं नाव. ऑक्सफर्डला गणित शिकवणारा डॉजसन आणि मुलांसाठी लिहिणारा कॅरोल ही दोन नावं त्याने कटाक्षाने वेगळी ठेवली.

मला खरं खटकतं ते हे, की या किश्शामुळे त्याचं बालसाहित्य म्हणजे एका गणितज्ञाची सहज गंमत वाटू लागतं. खरं तर तो आधीपासून कवी होता. ‘कॅरोल’ हे नाव १८५६मध्ये एका कवितेखाली पहिल्यांदा आलं, ‘ॲलिस’च्या नऊ वर्षं आधी. ‘ॲलिस’मध्येही गद्यात मधूनमधून कविता येतात. उंदराची कहाणी तर शेपटीसारखी वळत, अक्षरं बारीक होत होत छापलेली आहे. १८७६चं ‘स्नार्क’ हे अख्खं दीर्घकाव्य. आणि १८७१च्या दुसऱ्या ‘ॲलिस’मधल्या ‘जॅबरवॉकी’चं पहिलं कडवं त्याने १८५५मध्येच, घरच्या हस्तलिखितासाठी लिहून ठेवलं होतं.