बोनेटखालचा पंचनामा

सात हजार चारशे रुपये. गाडीच्या कुरतडलेल्या तारांच्या नव्या जुडग्याचे पाच हजार आणि मजुरीचे चोवीसशे. परवापासून हा आकडा मी इतक्या जणांना ऐकवला आहे की घरातली माणसे आता मी तोंड उघडायच्या आधीच मान डोलावू लागली आहेत. हा खर्च ज्याने घडवून आणला तो उंदीर अद्याप फरार आहे. त्याच्याबद्दल माझ्या मनात फारसे काही नाही, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते, हे मला ठाऊक आहे. आमच्या नाशिकच्या सोसायटीतल्या नानांना मात्र असली कोणतीही शारीरिक अडचण नाही, तरीही परवा त्यांनी माझा सव्वा तास कुरतडला.

झाले ते थोडक्यात असे. सकाळी साडेआठला मला कॉलेज रोडला पोचायचे होते. किल्ली फिरवली तेव्हा दिवे लागले, हॉर्न खणखणीत वाजला, इंजिन फिरलेही, पण पेटले नाही. बॅटरी उतरली असती तर हॉर्नचा आवाज बसला असता, एवढे नऊ वर्षे एकच गाडी चालवणाऱ्या बाईला कळते. दोनदा प्रयत्न करून मी थांबले आणि बोनेट उघडले. बॅटरीच्या शेजारी काळ्या आवरणाचे बारीक तुकडे पडले होते, तारांची तांब्याची टोके पिंजलेल्या केसांसारखी उभी राहिली होती आणि त्या सगळ्यावर जिऱ्याहून थोड्या मोठ्या काळ्या लेंड्या विखुरलेल्या होत्या. मी पुढचामागचा विचार न करता ते तुकडे हातानेच बाजूला केले. या एका कृतीची किंमत पुढे वेगळी मोजावी लागली.

नेमके त्याच क्षणी नाना अवतरले. नाना हे दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले शिरस्तेदार आहेत. रोज सकाळी आठच्या सुमारास ते कापडी पिशवी घेऊन गच्चीवर जातात आणि अर्ध्या तासाने ती पिशवी झटकत खाली येतात. त्यांनी बोनेटमध्ये डोकावून पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग माझ्या मागे कोणी उभे आहे का ते पाहिले.

"साहेब नाहीत का घरी?"

"आहेत. पोहे खात आहेत."

"त्यांना बोलवा, वहिनी. निर्णय घ्यावा लागेल."

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. बोनेट कोठून उघडते हेही त्याला ठाऊक नाही, आणि याची त्याला लाज वाटत नाही, हा त्याचा मला मनापासून आवडणारा गुण आहे. हे मी नानांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि वर पाहून दुसऱ्या मजल्याकडे "अहो साहेब!" अशी हाक मारली. नवरा लेंग्यावर, हातात पोह्यांची बशी घेऊन खाली आला. तेव्हापासून नानांचे सर्व बोलणे त्याच्याशी झाले. मी प्रश्न विचारायची, नाना त्याला उत्तर द्यायचे, आणि तो घास गिळून "हिला विचारा" असे म्हणायचा. सोसायटीतली मांजर एवढे होईपर्यंत येऊन बॅटरीजवळ वास घेऊन गेली होती.

"प्रथम पंचनामा," नाना नवऱ्याला म्हणाले. "पुराव्याला कोणी हात लावलेला नाही ना?"

मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले.

वॉचमन आणि पेपर टाकणारा मुलगा यांना पंच म्हणून उभे करण्यात आले. कागद माझ्या पर्समधला, पेन माझे आणि लेखनिकही मीच, कारण साहेबांचे हात पोह्याचे होते. नानांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली, आणि त्या गृहस्थाच्या आवाजात एकदम न्यायालयाचे छत, पंख्याची घरघर आणि लाल फडक्यातली दप्तरे उतरली. "आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर वाहन हे इमारतीच्या तळमजल्यावर उभे असून त्याच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस तिसऱ्या मजल्यावरील रहिवाशांची स्कूटर. पश्चिमेस पाण्याची टाकी. दक्षिणेस जिना. उत्तरेस सार्वजनिक रस्ता. सदर वाहनातील तारा अज्ञात इसमाने..."

"इसमाने?" मी विचारले.

"ओळख पटेपर्यंत इसमच लिहायचे असते," नाना नवऱ्याला म्हणाले.

वास्तविक या विनोदात एक उपयोगी गोष्ट दडलेली होती, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. विम्याचा दावा करायचा असेल तर दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी कंपनीला कळवावे लागते, सर्वेक्षकाला नुकसान जसेच्या तसे पाहू द्यावे लागते, आणि त्याआधी आपण फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे असते. हे एका वाक्यात सांगता येते आणि फोटो दोन मिनिटांत काढता येतात. मी ते काढलेही. पण पंचनाम्यात आम्ही अजून स्कूटरच्या रंगावर होतो.

एवढ्यात वॉचमनने पंचपदाचा त्याग करून खोलीतून गोंदाचा पुठ्ठा आणला. या पुठ्ठ्यावर उंदीर चिकटतो आणि तडफडून मरतो. त्यावर नानांनी प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधले कलम ११ काढले. मला स्वतःला तो पुठ्ठा पाहवत नाही, म्हणून मी प्रथमच नानांच्या बाजूने बोलले. पण तेवढ्याने ते थांबणार नव्हते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारे वटवाघूळ आणि उंदीर यांची नोंद उपद्रवी प्राणी म्हणून होती, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली, ही माहिती त्यांनी वाटेत थांबलेल्या दूधवाल्यासह सर्वांना दिली. "म्हणजे साहेब, १ एप्रिल २०२३ पासून तो कायद्याने उपद्रवी राहिलेला नाही."

"मग काय आहे?" नवऱ्याने पहिल्यांदाच स्वतःहून रस घेतला.

"नुसता उंदीर."

पोहे संपले होते, म्हणून नवरा बशी ठेवायला वर गेला आणि परत आला नाही. त्याच्या जागी नाना आता पाण्याच्या टाकीकडे पाहून बोलू लागले. सोसायटीवर दावा लावायचा तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, तोही १९६० चाच. राज्यही त्याच वर्षीचे असल्यामुळे नानांचा त्या सालावर काही विशेष लोभ असावा. विमा कंपनीने नकार दिला तर विमा लोकपाल आहेत, त्यांच्याकडे पैसा लागत नाही. त्याहून पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क शून्य. 'शून्य' हा शब्द त्यांनी इतक्या प्रेमाने उच्चारला की सात हजार चारशेसाठी मी आयोगाच्या पायऱ्या चढते आहे असे दृश्य क्षणभर मलाही मोहक वाटले.

घरी येऊन मी कागदावर गणित मांडले तेव्हा ते दृश्य विरले. माझी गाडी जुनी असल्यामुळे घसारा न कापणारे जादा संरक्षण तिला नाही. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर विमा कंपनी निम्मी रक्कम कापते, आणि तारांचे जुडगे त्यांतच धरले तर पाच हजारांचे अडीच हजार उरतात. मजुरीचे चोवीसशे मिळवले की चार हजार नऊशे होतात. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले एक हजार मालकानेच सोसायचे असतात, म्हणजे हातात तीन हजार नऊशे. आता दुसरी बाजू. मी चार वर्षे दावा केलेला नाही, म्हणून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मला ४५ टक्के सूट मिळते आणि पुढच्या नूतनीकरणाला ती ५० टक्के होणार आहे. एक दावा केला की सूट शून्यावर येते. माझा मूळ हप्ता सुमारे नऊ हजारांचा, त्यामुळे पहिल्याच वर्षी साडेचार हजार जादा जातील, आणि त्यानंतर पुन्हा २०, २५, ३५ असे पायरीपायरीने वर चढायचे. तीन हजार नऊशे मिळवण्यासाठी साडेचार हजार घालवणे, तेही सर्वेक्षकाची वाट पाहत गाडी आठवडाभर उभी ठेवून! तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात विचारले, "पॉलिसी सरांच्या नावावर आहे का, मॅम?" पॉलिसी माझ्या नावावर आहे, गाडी माझ्या नावावर आहे, कर्ज मी फेडले आहे. मी फोन ठेवून दिला.

त्या उघड्या हातांचा विषय मात्र संपला नव्हता. निघताना नानांनी जाता जाता "लेप्टो" हा एकच शब्द उच्चारला होता, आणि रात्री अकरा वाजता तो माझ्या उशाशी येऊन बसला. दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू उंदराच्या लघवीतून येतो, जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या वाटे शरीरात शिरतो आणि ओलाव्यात टिकतो. माझ्या हातांवर कोठे कापलेले नव्हते आणि मी साबणाने हात धुतले होते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका, आणि पुढच्या वेळी हातमोजे घाला, लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचच्या पातळ पाण्याने भिजवा आणि मग पुसा, असेही ते म्हणाले. ही सगळी तपासणी चार मिनिटांत आटोपली. उरलेली दहा मिनिटे माझी गाडी ॲव्हरेज किती देते आणि पेट्रोलऐवजी सीएनजी घेतली असती तर काय झाले असते यावर गेली. आज तिसरा दिवस आहे. मी रोज सकाळी पोटऱ्या चाचपून पाहते.

उपायांची तर रांग लागली. डांबरगोळ्या, तंबाखूची पाने, हिंगाची पुरचुंडी, लसणीची माळ, फिनाईल, आणि माणसाला ऐकू न येणारी शिट्टी वाजवणारे सहाशे रुपयांचे यंत्र. विष घालू नका, गणपती तोंडावर आले आहेत, बाप्पाच्या वाहनाला मारून कसे चालेल, असे वॉचमनचे म्हणणे पडले. माझ्या वाहनाचे काय, हे कोणी विचारले नाही. डांबरगोळ्या मी पूर्वी एकदा लावल्या होत्या. तेव्हा एसी सुरू केला की गाडीत आजीची पैठणीची ट्रंक उघडल्यासारखा वास भरायचा आणि द्वारका चौक येईपर्यंत माझे डोके ठणकू लागायचे. उंदरांनी त्या गोळ्या सरकवून बाजूला ठेवल्या होत्या.

अखेर तारा बदलून द्यायला काल संध्याकाळी मुंबई नाक्याहून इलेक्ट्रिशियन आला. विशीतला मुलगा. त्याने आल्या आल्या विचारले, "गाडी कोण चालवतं?" मी म्हटले, "मी." "मग तुम्ही बसा, मी सांगेन तेव्हा स्टार्टर मारा." दोन दिवसांत माझ्याशी थेट बोललेले हे पहिले वाक्य होते, आणि ते ऐकून मला मजुरीत घासाघीस करावीशी वाटली नाही. त्याने जुने जुडगे माझ्या हवाली केले, नव्या तारांवर तिखटाचा अर्क लावलेली चिकटपट्टी गुंडाळली आणि वॉचमनने आत खोचलेली हिंगाची पुरचुंडी दोन बोटांनी बाहेर काढली. गरम भागावर फडके पडले तर पेट घेईल, असे तो म्हणाला. पट्टी, जाळी, सगळे ठीक आहे, पण खायला मिळते तोवर उंदीर जागा सोडत नाही, तेव्हा खाणे कोठून येते ते बघा, असे सांगत त्याने शेवटी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या.

डब्यात वर्तमानपत्राच्या चिंध्यांचे घरटे होते आणि त्याखाली मोठ्या वाटीभर बाजरी. स्वच्छ, निवडलेली, टपोरी बाजरी. आमच्या इमारतीत इतकी बाजरी कोणी खात नाही. नाना केव्हा शेजारी येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. त्यांनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर करून नीट पाहिले, आणि वर दुसऱ्या मजल्याकडे तोंड करून माझ्या नवऱ्याला मोठ्याने सांगितले:

"साहेब, ही तर माझीच! तरी मी म्हणत होतो, दोन किलो टाकूनही गच्चीवरच्या पारव्यांना पुरत कशी नाही!"