खुलासा : घरी काडतुसं भरायला बंदुकीचा परवाना पुरत नाही

'बंदुकीचा परवाना असला की शिशाच्या गोळ्या ओतून जुनी काडतुसं घरीच भरता येतात,' असा मेसेज सोलापुरात फिरतोय. हे चूक आहे. अमेरिकेत हा छंद चालतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. विनापरवाना बनवल्यास किमान ७ वर्षं कैद, कमाल जन्मठेप.

मला जास्त काळजी वाटते ती 'जुन्या पातेल्यात शिसं वितळवा' या ओळीची. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, वर करडी राख धरते. ती राख हाताला, फरशीला लागते. रांगतं लेकरू तीच बोटं तोंडात घालतं. शिशाने मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. ते पातेलं परत स्वयंपाकाला घेऊच नका. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.