आधी कादंबरी, मग आठवण

"मी पुस्तक वाचलं नाही, पण बाई फेकून राहिली हे नक्की."

अन्याची सुरुवात नेहमी अशीच असते. लक्ष्मीभुवन चौकातल्या आमच्या टपरीवर न वाचलेल्या पुस्तकावर बोलायला मनाई नाही. उलट ज्यानं वाचलंय त्यालाच जरा जपून बोलावं लागतं. त्या संध्याकाळी वाचलेली एकटी माधुरी होती.

बाई म्हणजे जोन ग्रँट. 1937 साली इंग्लंडमध्ये तिची 'विंग्ड फेरो' ही कादंबरी आली. इजिप्तच्या पहिल्या राजवंशातली सेकीता, फेरोची म्हणजे राजाची मुलगी, देवळात दीक्षा घेते आणि पुढे भावाच्या जोडीनं राज्य चालवते. गोष्ट सांगते तीच. माधुरीला पुस्तक मनापासून आवडलं होतं. मग कुठेतरी तिनं वाचलं की ग्रँटच्या म्हणण्याप्रमाणे यात रचलेलं काही नाहीच, सेकीता म्हणजे ती स्वतः होती.

"हातात जुना स्कॅरब धरायची," माधुरी सांगू लागली. "भुंग्याच्या आकाराचा इजिप्शियन ताईत असतो ना, तो. धरला की दिसायला लागायचं. ती बोलायची आणि नवरा लिहून घ्यायचा. प्रसंग यायचे ते मागचे पुढे, पुढचे मागे. नंतर ओळीनं लावले."

"लावले कोणी?" गजूसर. चाळीशी नाकावर, कप हातात. इतिहासाचे मास्तर, आता निवृत्त.

"त्यांनीच."

"मग कादंबरी तिथं झाली."

मला हा मुद्दा तेव्हाच पटला होता, पण अन्याला थांबायचं नव्हतं. "बरं, मागच्या जन्मी सगळे राजे-राण्याच कसे बे? कोणी पाणक्या नाही, कोणी भांडी घासणारी नाही?"

हा टोमणा सोपा आहे, आणि ग्रँटला तो लागतही नाही. माधुरीनं लगेच 'लाइफ ॲज कॅरोला' काढलं. 1939 सालची तिची दुसरी 'आठवण' सोळाव्या शतकातल्या इटलीतली: एका सरदाराची अनौरस मुलगी, फिरत्या नाटकवाल्यांबरोबर हिंडणारी, हालअपेष्टांत गेलेली. 'आइज ऑफ होरस' या आणखी एका पुस्तकात तर ती पुरुष आहे. अन्या गप्प झाला आणि त्यानं समोसा मागवला.

मग प्रसन्ननं मोबाइलवरून नवा दारूगोळा आणला. "पहिल्या राजवंशात खरंच एक बाई सत्तेवर होती. मेर्नेथ. इजिप्तमधल्या आबिडोसला तिची कबर आहे, राजांच्या कबरींच्या रांगेत. हे बाईला कसं कळलं?"

"पेट्री या पुरातत्त्वज्ञानं ती कबर 1900 साली खणली," सर म्हणाले. "आधी त्याला वाटलं राजा आहे. बाई आहे हे मागाहून लक्षात आलं. पण अहवाल छापून झाला, तेव्हा ग्रँट जन्मली पण नव्हती. ती 1907 ची. त्यात घरात पुरातत्त्वाचा नाद असलेला नवरा. हे कळायला मागचा जन्म कशाला लागतो?"

"वाचलं होतंच हे कशावरून?"

"नव्हतं वाचलं हे तरी कशावरून?"

इथं पाच मिनिटं दोघांचं हेच चाललं, ते गाळतो.

सरांचा खरा बाण वेगळाच होता, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेत तोच धरून ठेवण्यासारखा. सेकीताच्या इजिप्तमध्ये लोक पुनर्जन्म मानतात. माणूस मरतो, पुन्हा जन्म घेतो, मागचं फेडतो, पुढे सरकतो. पुस्तकाचा कणाच तो. पण खऱ्या इजिप्तनं मेलेल्याचा देह मसाले भरून, पट्ट्या गुंडाळून जपला, त्याच्यासोबत भाकरी ठेवली, कारण त्याला परलोकात तोच माणूस म्हणून राहायचं होतं. मेलेला पुन्हा दुसऱ्या आईच्या पोटी येतो, असं त्यांचे स्वतःचे लेख सांगत नाहीत.

"इतिहासकार हेरोडोटस सांगतो की," प्रसन्न स्क्रीन वर सरकवत म्हणाला. "आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, हे म्हणे सगळ्यात आधी इजिप्शियन लोकांनी मांडलं."

"हेरोडोटस ग्रीक. सेकीतानंतर जवळपास अडीच हजार वर्षांनी आलेला. तू काल आल्यासारखा धरून राहिला त्याला."

मग हा पुनर्जन्म कुठून आला? थिऑसॉफिकल सोसायटी या अध्यात्मवादी संस्थेनं 1882 साली मद्रासजवळ अड्यारला बिऱ्हाड थाटलं, आणि कर्म, जन्मांची साखळी, समुद्रात बुडालेली अटलांटिस नगरी ही सगळी शिदोरी इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवली. ग्रँटच्या तरुणपणी ते हवेतच होतं. सर म्हणाले, बाईला आबिडोस आठवलं नाही, अड्यार आठवलं. आम्ही हसलो. माधुरी नाही हसली.

"म्हणजे ती लबाड?"

"नाही गं. तसं मी कुठं म्हटलं?" आणि सरांनी जिनिव्हाची गोष्ट काढली. 'हेलेन स्मिथ' या टोपणनावाची, आत्मे बोलावणारी एक बाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सांगत होती की मी मागच्या जन्मी सिमंदिनी होते, कानडा मुलखातल्या शिवरूक नायकाची राणी. त्यानं म्हणे 1401 साली चंद्रगिरीचा किल्ला बांधला. फ्लूर्नोआ नावाचा मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तिच्या बैठकांना बसला. (तिनं त्यालाच शिवरूक ठरवून टाकलं होतं!) इतिहासकारांना हा नायक माहीत नव्हता. शेवटी 1828 च्या एका जुन्या फ्रेंच इतिहासग्रंथात तो उतारा सापडला, नाव आणि सालासकट. पुस्तक जिनिव्हातच होतं. तिच्या 'संस्कृत'चे तुकडे तर भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरनं तपासले: थोडं खरं, बाकी नुसता आवाज. तरी फ्लूर्नोआनं तिला लबाड म्हटलं नाही. मजकूर मनात राहतो, वाचल्याचं तेवढं विसरतं, असं त्याचं म्हणणं.

मला विचाराल तर आठवण खरी की खोटी यावर मी वेळ घालवणार नाही. ग्रँटनं 1937 साली हे पुस्तक कादंबरी म्हणून दिलं आणि वाचकांनी कादंबरी म्हणूनच डोक्यावर घेतलं. आठवणीचं सगळं सविस्तर आलं ते 1956 च्या आत्मचरित्रात. पुस्तकातली एक ओळ त्यानं बदलली नाही. बदलला तो वाचकाचा हक्क. कादंबरीकाराला आपण म्हणू शकतो, इथं तुमचं चुकलं, हे त्या काळात नव्हतं. आठवणाऱ्याला काय म्हणणार? 'मी तिथं होते' म्हटलं की वाद मिटला. लेखकानं हा दाखला पुढे केला की मला तरी आत काहीतरी कच्चं असल्याचा वास येतो. सेकीताला त्याची गरज नव्हती, ती पानांवर छान जगत होती.

"मग सर, पुस्तक आवडलं म्हणू का नको?" माधुरी आता चिडली होती.

"म्हण की! फक्त सहावीच्या पोरांना इजिप्त शिकवताना सेकीताला वर्गात घेऊन जाऊ नको."

अन्या सरांचा जुना विद्यार्थी. इतका वेळ समोशात होता, तो एकदम जागा झाला. "आणि सर, तुम्ही आम्हाला शिवकाळ शिकवताना कादंबरीतले संवाद म्हणून दाखवायचे ते? आवाज चढवून? मी परीक्षेत ते अवतरणचिन्हात लिहिले होते. तुम्ही पैकीच्या पैकी दिले."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"लेखक बखरी वाचून लिहीत होता."

"मग वाक्य बखरीतलं होतं का लेखकाचं?"

सरांनी चहावाल्याला अजून एक कटिंग सांगितला, आणि प्रसन्ननं मोबाइल खिशात टाकला.