माझे गहू, त्यांचे दात

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास एका अनोळखी माणसाने माझे गहू चावले. आज बुधवार आहे, अजून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहून टाकतोय.

दळण आणायला गेलो होतो, बाकी प्रस्तावना काही नाही. पीठ संपलंय हे आमच्या घरात कायम शनिवारी रात्री साडेनऊला कळतं, गिरणी बंद झाल्यावर. मग रविवारी सकाळी चहा अर्धा टाकून मी पाच किलोचा स्टीलचा डबा घेऊन कोथरूडातल्या आमच्या गिरणीत. डब्यात बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी : "गहू. पोळीचं. बारीक. ज्वारी-नाचणीवर नको." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. कारण मागच्या खेपेला कोणाच्या तरी नाचणीवर आमचे गहू पडले आणि चार दिवस आम्ही सिमेंटच्या रंगाच्या पोळ्या खाल्ल्या, आणि तो गुन्हा माझ्या नावावर जमा आहे.

गिरणीत रांग माणसांची नसते, डब्यांची असते हे ज्यांना माहीत नाही ते सुखी. माणसं डबा टेकवतात आणि भाजी, दूध, दाढी, देवदर्शन सगळं उरकून येतात, आणि बरोब्बर आपला नंबर येताना उगवतात. एक निळ्या झाकणाचा डबा तर मी मागच्या रविवारी पण तिथेच बघितला होता, तो बहुतेक जागा धरायला कायमचाच ठेवलेला असावा. त्यात एक बाई असतातच, "माझं काय दोनच किलो आहे हो, मधे घेता का?" दोन किलोवाल्यांना मधे घेण्याचा कायदा कुठे झालाय मला माहीत नाही, पण आजवर कोणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही, मी पण म्हटलेलो नाही.

तर मी डब्याशेजारी भिंतीला टेकून उभा. गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, पट्ट्याचा आवाज, दगडांची घरघर, त्यात मालक मधूनमधून त्या पिठाच्या कापडी नळीला धपाधप थपडा मारणार. एवढ्यात थ्री-फोर्थ घातलेले, कमरेला मोबाईलचं चामडी पाकीट लावलेले सत्तरीतले एक काका आले आणि त्यांनी एकेका डब्याचं झाकण उघडून बघायला सुरुवात केली. मला वाटलं आपला डबा शोधतायत. नाही. ते तपासणी करत होते.

पहिल्या डब्यात ज्वारी होती. ओंजळभर घेतली, वरून सोडली, फुंकर मारली. "मालदांडी म्हणून घेतली का?" डबेवाल्या बाई हो म्हणाल्या, मंगळवेढ्याची आहे. काका हसले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली जीआय, म्हणजे त्याच भागाची म्हणून भौगोलिक मानांकन, मिळालंय, मंगळवेढा तालुका केवढा आणि पुण्यात मंगळवेढ्याची म्हणून खपते ती ज्वारी केवढी, जरा हिशोब करा म्हणाले. बाईंनी हिशोब केला नाही पण चेहरा पडला. मला तेव्हा मजा वाटत होती हे मान्य करतो. दुसऱ्याच्या डब्यात हात असेपर्यंत माणूस करमणुकीचाच वाटतो.

मग माझं झाकण निघालं.

पहिल्यांदा वास घेतला. "एरंडेल लावलंय?" म्हटलं नाही, हे दुकानातलेच आहेत, दर महिन्याला आणतो. यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाणी पण दर महिन्याला विकत आणतो. मग त्यांच्या घरी मे महिन्यात वर्षाचे गहू कसे भरायचे, गच्चीवर जुन्या साड्यांवर ऊन कसं द्यायचं, एरंडेल चोळताना हात कसे दुखायचे आणि कणगीत कडुनिंबाचा पाला कसा टाकायचा हे सगळं मला ओरडून सांगण्यात आलं. सांगताना त्यांची बोटं माझ्या गव्हातच फिरत होती. मी बोटांकडे बघत होतो. नखं कापलेली होती, एवढंच त्यातल्या त्यात.

"कोणता म्हणून दिलाय?"

"लोकवन."

"लोकवन म्हणजे काय?"

आता रविवारी सकाळी, बिनआंघोळीचा, मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. मी म्हटलं असेल काहीतरी, वन म्हणजे जंगल वगैरे. काकांनी डोळे मिटून घेतले, जुने मास्तर घ्यायचे तसे. "वन म्हणजे जंगल नव्हे हो. वन-टू-थ्रीमधला वन! लोक-वन! गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती संस्था आहे, तिथे काढलेलं वाण, म्हणून लोक-1!" (घरी येऊन मोबाईलवर तपासलं, माणूस चुकला असावा या एकाच आशेने. बरोबर निघाला. गेली वीस वर्षं मी जे खातोय त्याचं नाव मला एका थ्री-फोर्थवाल्याकडून कळावं, हे काय मला आवडलं असेल?)

आणि मग त्यांनी चिमूटभर गहू तोंडात टाकले.

माझे. न विचारता. चांगले पंधरा-वीस दाणे असतील. कट्, कट् आवाज आले. मला वाटलं गिळतील आणि विषय संपेल, पण काका चावतच राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. दोन किलोवाल्या बाई थांबल्या, मालकाने थपडा मारणं थांबवलं, मी स्वतः निकाल लागायची वाट बघायला लागलो, हे सगळ्यात वाईट. आपले गहू पास होतील का नापास अशी धाकधूक मला दहावीनंतर पहिल्यांदाच झाली. काकांचा एक गाल फुगलेला, नजर वर पंख्याकडे, आणि एक बोट उभं, म्हणजे कोणी मधे बोलू नका.

लहानपणी आम्हीही गहू चावून चावून त्याचा चीक करायचो, फुकटचं च्युइंगम. पण ते स्वतःच्या घरचे गहू असायचे आणि तोंडातून काढून लोकांना दाखवायची पद्धत नव्हती. काकांनी काढलं. दोन बोटांनी तो राखाडी गोळा बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला आणि माझ्या नाकासमोर ताणला. साधारण दोन इंचावर तो तुटला.

"बघितलंत? चिकाटी नाही."

मला आधी वाटलं माझ्याबद्दल बोलतायत.

"पोळी सकाळची संध्याकाळी कागद होणार. लिहून ठेवा."

याच क्षणी आधीचं दळण संपलं, मालकाने बटण दाबून गिरणी बंद केली, दगडांची घरघर विरत गेली, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत काकांचा आधीच्याच पट्टीतला आवाज घुमला, "रेशनचे आहेत का हो?"

सगळी गिरणी माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, शरम वाटते सांगायला, मी घाईघाईने म्हणालो, "नाही नाही, चांगल्या दुकानातले आहेत!"

माझ्यामागे एक बाई उभी होती. तिच्या हातात रेशनचीच पिशवी होती, दिसत होतं. तिने ती हळूच पायामागे सरकवली. मला तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे होतं. माणशी पाच किलो धान्य मिळतं, कायद्याने मिळतं, त्यात लाज कसली, आणि ज्यांना ते आणायला अंगठा उठत नाही म्हणून तीन-तीन चकरा माराव्या लागतात त्यांनी वर या परीक्षकांना पण तोंड द्यायचं का? हे सगळं मला सुचलं, पण जिना चढताना. गिरणीत मी फक्त "चांगल्या दुकानातले" म्हणालो.

काका त्या पिशवीकडे वळायच्या आत मी मधे सरकलो, एवढंच त्यातलं बरं काम. विषय बदलायला म्हणून विचारलं, "काका, तुमचा डबा कोणता?"

काकांना ऐकू आलं नाही. म्हणजे त्या शांततेतसुद्धा ऐकू आलं नाही. चप्पल सरकवून म्हणाले, चला, निघतो, दूध आणायचंय. ते गेल्यावर मालकाने माझा डबा वर ओतता ओतता सांगितलं, "त्यांचं दळण नसतंय. घरी चक्की हाय त्यांच्याकडं, मुलानं घेऊन दिलीय. रोज येतात असंच."

म्हणजे माणूस बिनडब्याचा! नुसता आमचे गहू चावायला! या ठिकाणी मला त्यांची कणव यायला हवी होती, घरी एकटे बसत असतील, बोलायला कोणी नसेल वगैरे, बायकोने हे सगळं मला नंतर ऐकवलंच. नाही आली कणव. एकट्या माणसाने फिरायला जावं, पेपर वाचावा, स्वतःच्या चक्कीसमोर बसून स्वतःचे गहू चावावेत. आणि ती घरगुती चक्की हे काय प्रकरण आहे ते मी जाणून आहे, आमच्या वरच्या मजल्यावर आहे एक, भल्या पहाटे सहाला सुरू करतात आणि आमच्या कपाटातली भांडी वाजतात. त्यांनाही मी काही बोललेलो नाही. माझं हे असंच.

या गडबडीत माझ्या आधी काय दळलं गेलं ते बघायचं राहिलं. ती मंगळवेढ्याची की कुठलीशी ज्वारीच होती. बायकोने घरी डबा उघडला, पीठ चिमटीत घेतलं, चिठ्ठी बाहेर काढली, दोन रेघा मला दाखवल्या आणि काही बोलली नाही.

पोळ्या सकाळी बऱ्या होत्या. संध्याकाळी त्यातली एक मी हातात घेतली तर ती आडवी धरली तशी आडवीच राहिली.

काल सकाळी ऑफिसला निघालो तर दूध केंद्रावर काका. तीच थ्री-फोर्थ. लांबूनच ओळखलं मला. माझं नाव त्यांना माहीत नाही, पण गहू लक्षात आहेत.

"काय हो लोकवन, कशा झाल्या पोळ्या?"

"मऊसूत."

"दुसऱ्या दिवशी?"

"आम्ही शिळं खात नाही," मी म्हटलं आणि बसकडे चालायला लागलो. पाठीवरच्या सॅकमध्ये जेवणाचा डबा होता, त्यात परवाच्या पोळ्यांचा कुस्करा. कांदा जरा जास्त घाल म्हणून मीच सांगितलं होतं.