गादीवरचं पोर

रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर काकांनी ठिणगी टाकली. "चांदीच्या ताटात जेवणाऱ्या पोराचा कसला आलाय छळ?" धर्मगुरूंच्या घराण्यात वाढलेलं मूल, दारात गाडी, हाताखाली नोकर, आणि मोठेपणी म्हणतं माझ्यावर अत्याचार झाला! काकांच्या मते हा शुद्ध माज.

वकील म्हणाला, "बाल न्याय कायदा, 2015. कलम 75. मुलाला विनाकारण मानसिक किंवा शारीरिक त्रास होईल असं वागलात तर 3 वर्षांपर्यंत कैद. त्यात बापाची मिळकत विचारलेली नाही."

बंड्या लगेच मुंबईचंच उदाहरण घेऊन आला. तिसरे आगाखान 1885 साली इस्माइली मुसलमानांचे इमाम, म्हणजे धर्मगुरू झाले, तेव्हा जेमतेम 7 वर्षांचे. पुढे 1937 मध्ये राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या, सभेचे अध्यक्ष. "छळ झालेलं पोर इतकं पुढे जातं?"

"जे तरले त्यांचीच नावं आपल्याला पाठ असतात," वकील म्हणाला. पण मग तोच जरा नरमला. कडक शिकवणीला छळ म्हणायचं तर दादरमधले निम्मे आईबाप आत जातील.

माझं म्हणणं, ताट बघूच नका. त्या पोराला 'मला नको' म्हणता येतं का, तेवढं बघा. नेपाळची कुमारी, म्हणजे जिवंत देवी म्हणून पुजली जाणारी लहान मुलगी, घराण्याची वारस नसते, निवडलेली असते, पण घराबाहेर तिचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. तिला शाळेत जायचा हक्क आहे हे 2008 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पूजा चालू, सगळं चालू, फक्त शाळेसाठी कोर्ट!

मग मला आजीबरोबर पाहिलेला एक मठ आठवला. गादीवर माझ्याच वयाचा, नऊएक वर्षांचा मुलगा. रांग लांबलचक. आजीने वाकून त्याच्या पायावर डोकं टेकलं तसा तो कळवळला. अंगठ्याला चिकटपट्टी होती, कडेने रक्त सुकलेलं. मागे उभ्या माणसाने नुसतं त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. पोराने पाय पुन्हा पुढे केला. तेव्हा मला त्याचा हेवाच वाटला होता, कारण त्याच्यासमोर पेढ्यांचा ढीग होता.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अंगठा फुटला होता ना? म्हणजे कुठेतरी अनवाणी खेळला असेल की."

"किंवा रोज शंभर जण तोच अंगठा धरत असतील," वकील म्हणाला.

चहावाला पैसे मागायला आला.