साडेसात मीटरची बाग आणि ऐंशी मीटरची हौस

१४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागले, की अर्धतरंगी डायपोलला, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या अर्ध्या लहरीइतक्या लांब अँटेनाला, साधारण किती मीटर तार लागेल ते कळते. ३.६५ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येते ३९ मीटर. पुण्यातल्या आमच्या रो-हाउसमागची बाग साडेसात मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद आहे, आणि तीत एक जाई, एक कढीपत्ता, तुळशीवृंदावन आणि कपडे वाळत घालायची तार एवढी मंडळी माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे घरबसल्या बिनतारी गप्पा मारण्याच्या, हौसेच्या कितीतरी आधीपासून नांदत आहेत. आईचे नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटर भरते. ज्या बागेत घरचे लुगडे सरळ उलगडून वाळत घालता येत नाही, तिथे मी ऐंशी मीटर बँडचा, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींचा, अँटेना उभारायला निघालो होतो.

वीस मीटर बँडवर समाधान का मानले नाही, असे मला पत्नीने विचारले होते, आणि प्रश्न रास्त होता. त्या बँडला दहा मीटर तार पुरते आणि युरोपातली माणसे सहज भेटतात. पण मला युरोपशी नव्हे, कोल्हापूरशी बोलायचे होते. ऐंशी मीटरवर फार उंच न बांधलेल्या आडव्या तारेतून लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परत फिरतात आणि छत्रीसारख्या तीनशे-चारशे किलोमीटरच्या घेरात खाली उतरतात. नाशिक, सोलापूर, कोल्हापूर सगळे त्या छत्रीखाली येते आणि मध्ये सह्याद्री आला तरी बिघडत नाही. अडचण एवढीच, की दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर या लहरी गिळून टाकतो, त्यामुळे खरी मैफल रात्रीच जमते. परिणामी घरातले सगळे झोपल्यावर मी बैठकीच्या खोलीत स्वतःचे नाव-गाव मोठ्याने सांगत बसतो, आणि मागच्या गल्लीतल्या काकूंनी याबद्दल पत्नीकडे हळूच चौकशीही केलेली आहे.

जागा नसेल तर उंचीकडे वळावे, या न्यायाने मी प्रथम सहा मीटरचा उभा अँटेना केला. मासे पकडायच्या फायबरच्या काठीवर तार गुंडाळली, बुडाशी पीव्हीसी पाइपवर कॉइल बसवली आणि हिरवळीखाली चारही दिशांना तांब्याच्या सोळा तारा पुरल्या. सेट लावून पाहिला तर एसडब्ल्यूआर, म्हणजे सेट आणि अँटेनाची जुळणी सांगणारा आकडा, १.१! तो एकच्या जितका जवळ तितका चांगला. एवढा सुरेख आकडा मी फक्त पुस्तकात वाचला होता. मी तासभर सीक्यू दिला, म्हणजे ‘कोणी आहे का’ अशी हाक मारत राहिलो. कोणीही उत्तर दिले नाही. शेवटी आमच्याच पेठेतल्या एका ज्येष्ठ हॅमने, जे माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर राहतात, मी फार क्षीण येत असल्याचे कळवले.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि उलगडा झाला. ८२ मीटरच्या लहरीपुढे सहा मीटरची काठी म्हणजे हत्तीपुढे उदबत्ती. अशा अँटेनाचा उत्सर्जनाचा रोध, म्हणजे लहरी सोडण्याच्या कामी येणारा रोध, जेमतेम दोन ओहम भरतो. माझ्या कॉइलचा रोध दहाच्या घरात होता, आणि पुण्याचा मुरूम व त्याखालचा काळा कातळ विजेच्या बाबतीत इतके कंजूष, की जमिनीने आणखी पस्तीसेक ओहम घातले. बेरीज पन्नासच्या आसपास आली, केबलही पन्नास ओहमची, म्हणून मीटर खूश होता. प्रत्यक्षात माझ्या शंभर वॅटपैकी चारपाच वॅट आकाशात जात होते आणि उरलेल्यांतून बागेतल्या गांडुळांची हिवाळ्याची सोय होत होती. एसडब्ल्यूआर चांगला आला म्हणून आनंदणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवे. पन्नास ओहमच्या साध्या रोधालाही तो आकडा उत्तमच येतो, पण त्याच्याशी कोल्हापूर बोलत नाही. कोकणातल्या खाडीकाठी हीच काठी रोवली असती, तर खाऱ्या पाण्याने तिचे सोने केले असते. पण अँटेनासाठी घर हलवावे, असा विषय काढायची माझी प्राज्ञा नव्हती.

त्या सोळा तारांचा शेवटही सांगितला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी माळीबुवांनी वाफे खणायला घेतले आणि संध्याकाळी माझ्यापुढे तारांची नीट बांधलेली जुडी ठेवली. ‘‘साहेब, ही मुळं कुठल्या झाडाची आहेत? निम्मी काढली, निम्मी तुटली. पण झाड काही दिसंना.’’ मी त्यांना काठीकडे बोट दाखवले. त्यांनी काठीकडे बराच वेळ पाहिले आणि सहानुभूतीने म्हणाले, ‘‘जगायचं नाही हे.’’

यानंतर तांब्याच्या नळीचे एक मीटर व्यासाचे वेटोळे करून पाहिले. त्याच्या कंडेन्सरवर हजारो व्होल्ट चढतात, आणि वारंवारिता केसभर सरकली तरी पुन्हा जुळवावे लागते. चाळीस मीटरवर त्याने थोडीफार कामे केली, ऐंशीवर मात्र मौन पाळले. आठवड्याभरासाठी मी गावाला गेलो असता आईने त्यावर कारल्याचा वेल चढवला, आणि परत येईपर्यंत वेलाला फुले आली होती. ते वेटोळे त्या दिवसापासून माझे राहिले नाही.

नारायणगावजवळ खोडदला जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या कित्येक किलोमीटर पसरल्या आहेत. तिथून जाताना मी नेहमी गाडी हळू करतो. ज्ञानासाठी, असे मी घरच्यांना सांगतो. खरे कारण मत्सर आहे. मार्कोनीने १९०१ च्या डिसेंबरात न्यूफाउंडलंडला पतंगाला तार बांधून अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला, हे मुलाला सांगितल्यावर त्याने ताबडतोब पतंग आणण्याची तयारी दाखवली. पण आमच्या गल्लीवर महावितरणच्या तारांचे छत असल्यामुळे मी इतिहास तिथेच थांबवला.

अखेर उपयोगी पडली ती एक साधी गोष्ट. डायपोलमध्ये विद्युतप्रवाह मध्यभागी सर्वाधिक असतो आणि टोकांकडे शून्यावर येतो. म्हणजे लहरी सोडण्याचे मुख्य काम मधला भाग करतो आणि टोके दुमडली तरी फारसे नुकसान होत नाही. तेव्हा मी मधला भाग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ बांबूवर चढवला, दोन्ही बाजूंना कठड्यापर्यंत तार ताणली, एक टोक पुढच्या भिंतीवरून पोर्चकडे वळवले आणि दुसरे मागे बागेत उतरवून जाईच्या मांडवावरून, कढीपत्त्याला वळसा घालून, कपड्यांच्या तारेच्या खांबापर्यंत नेले. टोकाला सेट चालू असताना हजार व्होल्टहूनही अधिक दाब असू शकतो, म्हणून ते हात पोहोचणार नाही इतके उंच ठेवून नायलॉनच्या दोरीने बांधले. वरून पाहिले तर चकलीच्या सोऱ्यातून घाईत निघालेली चकली दिसते. एका रविवारी दुपारभर इंचाइंचाने कापत मी ती ३.६५ वर आणली, कारण कापलेली तार पुन्हा वाढत नाही, हे मी दोन वेळा अनुभवून चुकलो होतो. त्या रात्री कोल्हापूरने मला ५९ दिला, म्हणजे आवाज खणखणीत येत असल्याचा शेरा. मी उठून देवाला साखर ठेवली.

सोमवारी अँटेना ३.७१ वर गेलेला होता. मंगळवारीही तोच प्रकार. सांधे तपासले, केबल आणि तार जिथे जुळतात तिथला बॅलन उघडला, केबल बदलली. पुढच्या रविवारी आपोआप ३.६५ वर परत. दोन आठवडे मी आयनांबराला दोष देत होतो, ज्याचा यात काडीचाही संबंध नव्हता. तिसऱ्या रविवारी जुळणी तपासत असताना समोरच आई धुण्याची बादली घेऊन आली, तिने नऊवारी चौपदरी करून तारेवर टाकली, आणि माझ्या हातातल्या मीटरचा काटा डोळ्यांदेखत खाली सरकला. ओले लुगडे आणि गॅल्व्हनाइज्ड तार मिळून माझ्या अँटेनाच्या टोकाशी एक चांगलाच मोठा कंडेन्सर तयार होत होता. मी सगळी जुळणी धुण्याच्या दिवशी केली होती!

कपड्यांच्या तारेची जागा बदलावी असे मी सुचवून पाहिले. पत्नीने मला एवढेच विचारले, की ती तार आधीची की तुमची. त्यामुळे आता माझ्या लॉगबुकात ‘हवामान’ या रकान्याशेजारी ‘धुणे’ असा रकाना आहे आणि कोल्हापूरच्या मंडळींनाही तो पाठ झाला आहे. परवा रात्री जुळणी बिघडलेली असूनही मी बोलत असताना पलीकडून विनंती आली, की आज आवाज जरा पडला आहे, काही करता येईल का. मी सेट तसाच ठेवून आत हाक मारली, ‘‘अगं, आईचं लुगडं वाळलं का?’’

‘‘केव्हाच काढलं,’’ आतून उत्तर आले. ‘‘अहो, हवं असेल तर भिजवून पुन्हा घालते. त्यांना जरा थांबायला सांगा.’’